वाचक विचारतात: ऑक्सफर्डचा इन्स्पेक्टर मोर्स

‘इन्स्पेक्टर मोर्स’ ही ऑक्सफर्डमधल्या पोलीस अधिकाऱ्याची ब्रिटिश रहस्यमालिका आणि तिच्यातून पुढे निघालेल्या ‘लुइस’ (मोर्सच्या हाताखालचा सार्जंट) व ‘एन्डेव्हर’ या मालिकांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत. खुनी कोण, हे कुठल्याही उत्तरात सांगितलेलं नाही. ज्यांनी मालिका अजून पाहिलेल्या नाहीत त्यांनीही निर्धास्त वाचावं.

प्रश्न: तिन्ही मालिका मिळून शंभरावर भाग आहेत म्हणे. कथेच्या काळाप्रमाणे ‘एन्डेव्हर’ आधी पाहावी, की ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने?

ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने. ‘मोर्स’चे ३३ भाग १९८७ ते २००० या काळात आले, ‘लुइस’चे ३३ भाग २००६ ते २०१५ मध्ये आणि ‘एन्डेव्हर’चे ३६ भाग २०१२ ते २०२३ मध्ये. ‘एन्डेव्हर’ची कथा १९६५ ते १९७२ मधली आहे. तरुण मोर्सची ही गोष्ट असल्यामुळे ती आधी पाहण्याचा मोह होतो, पण ती लिहिलीय म्हातारा मोर्स ज्यांना पाठ आहे त्यांच्यासाठी. मोर्स पुढे एकटा का राहतो, कुणाचं नाव काढलं की गप्प का होतो, हे ठाऊक असेल तरच तिच्यातले निम्मे प्रसंग भिडतात. शिवाय मोर्सचं पहिलं नाव हे मूळ मालिकेत दहा वर्षं जपलेलं गुपित आहे. ते १९९७च्या ‘डेथ इज नाउ माय नेबर’मध्ये फुटतं. नव्या मालिकेच्या शीर्षकामुळे ते आता सगळ्यांना ठाऊक झालंय, तरी तो प्रसंग जागेवरच पाहावा.

प्रत्येक भाग पावणेदोन तासांच्या आसपासचा, म्हणजे एका सिनेमाएवढा. सगळे ३३ भाग पाहणं जमणार नसेल तर एवढे पाहा: सुरुवातीचा ‘द डेड ऑफ जेरिको’, मग ‘द वुल्व्हरकोट टंग’, ‘मेसॉनिक मिस्ट्रीज’, ‘द वे थ्रू द वुड्स’ आणि ‘द वेंच इज डेड’. ‘द रिमोर्सफुल डे’ मात्र सगळ्यात शेवटी. तो मध्येच पाहिला तर उरलेल्या भागांची चव जाते. ‘द डेड ऑफ जेरिको’ची पटकथा अँथनी मिंगेला यांची आहे, ज्यांनी पुढे ‘द इंग्लिश पेशंट’ हा सिनेमा केला. ‘मेसॉनिक मिस्ट्रीज’मध्ये खुनाचा आळ मोर्सवरच येतो; त्याचे दिग्दर्शक डॅनी बॉइल, ज्यांनी पुढे मुंबईत ‘स्लमडॉग मिल्येनेर’ केला. नुसती नावं वाचली तरी लक्षात येतं की त्या काळच्या ब्रिटिश टीव्हीने या मालिकेसाठी आपली उत्तम माणसं दिली होती.

प्रश्न: मालिकेत कॉलेज, युनिव्हर्सिटी, मास्टर, डॉन, फेलो, पोर्टर असा गोंधळ उडतो. कोण कुणाचा साहेब?

हे एकदा नीट कळलं की निम्मी रहस्यं सोपी होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे विद्यापीठ वरचं आणि महाविद्यालय त्याला संलग्न. ऑक्सफर्डमध्ये कॉलेज ही स्वतंत्र संस्था आहे. तिची सनद, जमीनजुमला, पैसा, चॅपेल, भोजनगृह आणि ग्रंथालय हे सगळं तिचं स्वतःचं. पदवीच्या मुलांना प्रवेश कॉलेज देतं, राहायला जागा तेच देतं आणि एका प्राध्यापकासमोर एक-दोन विद्यार्थी बसवून घ्यायची शिकवणी, म्हणजे ट्युटोरियल, तीही तिथेच होते. व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाची. अशी कॉलेजं चाळीसच्या आसपास आहेत आणि प्रत्येकाचा प्रमुख वेगळ्या पदनामाचा: कुठे मास्टर, कुठे वॉर्डन, कुठे प्रोव्होस्ट, रेक्टर, प्रिन्सिपल किंवा प्रेसिडेंट, आणि क्राइस्ट चर्चमध्ये डीन. अधिकार साधारण तेच. गंमत अशी की डीन हे पद इतर कॉलेजांतही असतं, पण तिथे तो शिस्त पाहणारा फेलो. कथेत ‘डीन’ आला की आधी कॉलेज कोणतं ते बघा.

फेलो म्हणजे कॉलेजचा सभासद-प्राध्यापक; बोलताना ज्याला डॉन म्हणतात तो बहुधा हाच. प्रमुखाची निवड बहुतेक ठिकाणी हे फेलोच मतदानाने करतात. तीस-चाळीस मतदार, वर्षानुवर्षं एकाच टेबलावर जेवणारे, प्रत्येकाला दुसऱ्याची कुलंगडी ठाऊक. ‘डेथ इज नाउ माय नेबर’ उभी आहे ती लोन्सडेल कॉलेजच्या मास्टरपदाच्या अशाच निवडणुकीवर. बर्सर पैशांचा व्यवहार बघतो. कथेत जमीन विकणं किंवा मोठी देणगी आली की बर्सरवर लक्ष ठेवा. स्काउट म्हणजे खोल्या साफ करणारे कर्मचारी. सकाळी खोलीत पहिल्यांदा शिरतात ते स्काउट, म्हणून प्रेतही बहुधा त्यांनाच सापडतं. पोर्टर दरवाजातल्या लॉजमध्ये बसतो. टपाल, किल्ल्या आणि आत-बाहेर जाणारी माणसं सगळं त्याच्या नजरेखालून जातं. मोर्सचा तपास पोर्टरपासून सुरू होतो तो यामुळेच. भिंतींनी बंद झालेली जागा, एकच मुख्य दरवाजा आणि मोजके संशयित: रहस्यकथेला लागणारा वाडा ऑक्सफर्डमध्ये आयता उभा आहे, तोही चाळीस ठिकाणी.

लोन्सडेल, ब्यूमाँट अशी मालिकेत येणारी कॉलेजं काल्पनिक आहेत. लोन्सडेल म्हणून बऱ्याचदा ब्रेझनोज कॉलेज दिसतं.

‘गाव विरुद्ध विद्यापीठ’ हा ताणही खरा आणि जुना. १० फेब्रुवारी १३५५ रोजी एका दारूच्या गुत्त्यात दारूच्या दर्जावरून भांडण झालं. पुढे झालेल्या दंगलीत ६३ विद्यार्थी आणि ३०च्या आसपास गावकरी मारले गेले. त्याबद्दल शहराचा महापौर १८२५ पर्यंत दरवर्षी प्रायश्चित्त घेत होता. विसाव्या शतकात काउलीचा मोटार कारखाना आला आणि शहराच्या एका बाजूला कामगारवस्ती वाढली. मोर्स दोन्हींच्या मधला आहे: टॅक्सीचालकाचा मुलगा, ऑक्सफर्डमध्ये शिकायला आलेला आणि पदवी न घेता बाहेर पडलेला. प्राध्यापकांसमोर तो चिडतो त्याची मुळं इथे आहेत.

प्रश्न: ‘एन्डेव्हर’मध्ये मुलींचं कॉलेज वेगळं दाखवलंय. ‘मोर्स’मध्ये मुलंमुली एकत्र दिसतात. चूक कुठे आहे?

चूक कुठेच नाही. सॉमरव्हिल आणि लेडी मार्गारेट हॉल ही मुलींची पहिली दोन कॉलेजं १८७९ची. मुलांच्या जुन्या कॉलेजांपैकी पहिल्या पाचांनी मुलींना प्रवेश दिला तो १९७४ मध्ये, आणि त्यांत ब्रेझनोजही होतं. म्हणजे १९७२ला संपणाऱ्या ‘एन्डेव्हर’मध्ये वेगळी कॉलेजं हवीतच. आपल्याशी जोडलेला एक धागाही इथे आहे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये सॉमरव्हिलला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची बीसीएल ही परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देऊ लागलं १९२० मध्ये, आणि सोराबजींच्या हाती ती पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी.

प्रश्न: शेवटी आरोपी बागेत किंवा दिवाणखान्यात मोर्ससमोर सगळं कबूल करतो. कोर्टात हे टिकेल? आपल्याकडे तर पोलिसांपुढचा जबाब चालत नाही.

आपल्याकडे चालत नाही हे बरोबर. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. त्या जबाबातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग ग्राह्य धरतात. कबुली घ्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे. त्यामुळे मोर्सची शेवटची दहा मिनिटं मराठी मालिकेत जशीच्या तशी उचलली, तर आपल्या कोर्टात खटला तिथेच कोसळेल.

इंग्लंडमध्ये नियम उलटा आहे. पोलिसांपुढची कबुली चालते, पण ती जुलूम करून घेतलेली नाही आणि विश्वसनीयता बिघडेल अशा परिस्थितीत मिळालेली नाही, हे वाद उठल्यास सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. हा १९८४चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा. तो जानेवारी १९८६ पासून अमलात आला, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागाच्या जेमतेम वर्षभर आधी. त्याप्रमाणे संशय पक्का झाला की प्रश्न विचारण्याआधी ताकीद द्यायची, मुलाखत शक्यतो ठाण्यातच घ्यायची आणि वकील मागितला तर मिळू द्यायचा. टेप सुरू होताना जो लांब बझर वाजतो तो याच व्यवस्थेचा. तेव्हा एकाच वेळी दोन कॅसेट चालत आणि त्यांतली एक संशयितासमोर सीलबंद करत. बागेतल्या कबुलीत ताकीद नाही आणि टेपही नाही, म्हणून बचाव पक्षाचा वकील तिच्यावर तुटून पडेल. मोर्सने खरं तर तिथून गाडीत बसवून ठाण्यात न्यायचं आणि तेच सगळं पुन्हा टेपवर वदवून घ्यायचं. पटकथाकार ते पडद्याआड सोडून देतात.

ताकिदीचे शब्द ऐकून भाग कोणत्या काळातला ते ओळखता येतं. १९९५ पर्यंत ती साधी होती: बोलायची सक्ती नाही, बोललात तर पुराव्यात येऊ शकेल. १९९५ मध्ये तिच्यात भर पडली: पुढे कोर्टात ज्याचा आधार घ्याल ते आत्ता विचारल्यावर सांगितलं नाहीत, तर बचावाला बाध येऊ शकतो. ‘लुइस’मध्ये सगळीकडे ही लांब ताकीद आहे. ‘एन्डेव्हर’च्या काळात यांतलं काहीच नव्हतं. तेव्हा न्यायाधीशांनी घालून दिलेले मार्गदर्शक नियम होते आणि जबाब हाताने लिहून घेत. खुनाला फाशीची शिक्षा नोव्हेंबर १९६५ मध्ये पाच वर्षांसाठी स्थगित झाली आणि १९६९ मध्ये कायमची गेली. सुरुवातीच्या भागांत तरुण मोर्सचा साहेब इन्स्पेक्टर थर्सडे आरोपीकडे पाहतो तेव्हा ती फाशी त्याच्या मनात आहे.

कोठडीची मुदत हाही लुइसच्या धावपळीमागचा एक हिशेब. आरोप ठेवल्याशिवाय २४ तास, वरिष्ठाच्या परवानगीने ३६ आणि दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटने फार तर ९६. आपल्यासारखी पोलीस कोठडी तिथे मागता येत नाही.

प्रश्न: शीर्षक संगीतात मोर्स कोड आहे असं ऐकलं. कितीही ऐकलं तरी सापडत नाही.

आहे. मालिकेचे संगीतकार बॅरिंग्टन फेलंग यांनी ‘मोर्स’ हे नावच त्या सांकेतिक लिपीत सुरावटीच्या तळाशी घातलंय. तुम्ही बहुधा वरची चाल ऐकताय. ऐकायचा आहे तो खाली एकाच सुरावर टिकटिकणारा ठेका.

आधी तो टेबलावर बोटांनी वाजवून पाहा. ठिपका म्हणजे एक मात्रा, रेघ म्हणजे तीन. एका अक्षराच्या आतल्या खुणांमध्ये एक मात्रा रिकामी, दोन अक्षरांमध्ये तीन. एम म्हणजे दोन रेघा, ओ म्हणजे तीन रेघा, आर म्हणजे ठिपका-रेघ-ठिपका, एस तीन ठिपके, ई एक ठिपका. पूर्ण नाव शास्त्राप्रमाणे ४३ मात्रांचं होतं. सुरुवातीला पाच लांब आणि मग बारीक बारीक तुटक, हा आकार कानात बसला की हेडफोन लावून शीर्षक ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तळाचा ठेका चालीखाली दबतो.

फेलंग पार्श्वसंगीतातही हा खेळ करत. काही भागांत खुन्याचं नाव कोडमध्ये वाजतं, तर काही भागांत मुद्दाम भलत्याचंच, म्हणजे ऐकणारा फसावा म्हणून. तेव्हा कोड उलगडता आला तरी पैज लावू नका.

प्रश्न: मोर्स सारखा शब्दकोडी सोडवतो. त्याचा तपासाशी काही संबंध आहे की नुसती लकब?

संबंध थेट आहे. मूळ १३ कादंबऱ्या लिहिणारे कॉलिन डेक्स्टर स्वतः कूट शब्दकोड्यांचे पट्टीचे खेळाडू होते. मोर्स हे नावही त्यांनी जेरेमी मोर्स या आणखी एका नावाजलेल्या कोडेबाजावरून घेतलं, जे लॉइड्स बँकेचे अध्यक्ष होते. आपल्या वर्तमानपत्रांतलं नेहमीचं कोडं सरळ अर्थ विचारतं. इंग्रजी कूट कोड्याच्या सूत्राचे दोन भाग असतात: एक सरळ अर्थ आणि दुसरा अक्षरांचा खेळ, आणि दोन्ही असे शिवलेले की वाचणारा तिसरीकडेच जातो. मराठीत नमुना असा करता येईल: ‘उलटा रवा घातला की घाव (२ अक्षरे)’. डोळ्यांसमोर उभं राहतं स्वयंपाकघर. पण ‘घाव’ हा अर्थ आहे, ‘उलटा रवा’ ही कृती आहे आणि उत्तर आहे ‘वार’.

डेक्स्टरची कथानकं अशीच शिवलेली. सगळे दुवे समोर असतात, फक्त वाक्य भलत्या ठिकाणी तोडून वाचलं जातं. मोर्स एक सिद्धान्त बांधतो, तो कोसळतो, मग त्याच दुव्यांचा दुसरा बांधतो. तो अनेकदा चुकतो आणि हीच त्याची पद्धत आहे. पाहताना एक करा: एखाद्याने ‘मी त्याला पाहिलं’ किंवा ‘तिने फोन केला’ असं म्हटलं की तेवढं कागदावर टिपा आणि पुढे लिहा, हे प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलं की नुसतं ऐकलं. फसवणूक बहुतेक वेळा ऐकीव बाजूला असते. ‘द सायलेंट वर्ल्ड ऑफ निकोलस क्विन’ या भागाला हा उपाय नीट लागू पडतो. त्यातला क्विन बहिरा आहे आणि ओठांवरून बोलणं वाचतो. डेक्स्टरनाही बहिरेपणामुळेच शिकवणं सोडावं लागलं होतं. १९६६ पासून ते ऑक्सफर्डच्या परीक्षा मंडळात होते, आणि ही कथाही परीक्षा मंडळातच घडते. प्रश्नपत्रिका कुणाच्या हातातून कशा जातात ते त्यामुळे तिच्यात इतकं अचूक उतरलंय.

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये शिकते, मेमध्ये जाणार आहोत. ऑक्सफर्डला एक दिवस आहे. मालिकेतलं काय बघावं?

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने तासाभरात पोचाल. स्टेशनवरून चालत ब्यूमाँट स्ट्रीट गाठा. एका बाजूला रँडॉल्फ हॉटेल, समोर अ‍ॅशमोलियन संग्रहालय. ‘द वुल्व्हरकोट टंग’ याच दोन इमारतींमध्ये घडतो. संग्रहालयात तिकीट नाही. आत अल्फ्रेड ज्वेल शोधा. १६९३ मध्ये सॉमरसेटमध्ये सापडलेला हा दागिना जेमतेम सहा सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे मोठा मुकुटबिकुट शोधत गेलात तर काच ओलांडून पुढे जाल. थेंबाच्या आकाराचं पारदर्शक स्फटिक, त्याखाली मिनाकामातली आकृती आणि सोन्याच्या कडेवर कोरून काढलेली अक्षरं: अल्फ्रेडने मला घडवून घेतलं. खालचं टोक एका प्राण्याच्या तोंडाचं आहे आणि त्या तोंडात पोकळ नळी. वाचताना ओळीवर फिरवायची काडी तिच्यात बसवत असावेत, असं अभ्यासक मानतात. मालिकेतला दागिना काल्पनिक आहे, पण कल्पना इथून आली. ही कथा आधी टीव्हीसाठी झाली आणि डेक्स्टरनी तिची कादंबरी नंतर, १९९१ मध्ये केली.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत जेरिको ही जुनी वस्ती. ‘द डेड ऑफ जेरिको’मधली कॅनल रीच ही गल्ली म्हणजे खरी कूम रोड. छोटी गल्ली आहे, घरांत माणसं राहतात; फोटो लांबून काढा, खिडक्यांत डोकावू नका. परत ब्रॉड स्ट्रीटला या. तिथे व्हाइट हॉर्स हा चिमुकला पब, समोर शेल्डोनियन हे विद्यापीठाचं समारंभाचं सभागृह. मग टर्ल स्ट्रीटवरचं एक्झेटर कॉलेज, जिथलं पुढचं अंगण ‘द रिमोर्सफुल डे’ पाहिलेल्यांना सांगावं लागणार नाही. पुढे रॅडक्लिफ कॅमेरा, म्हणजे घुमटाची गोल ग्रंथालय-इमारत, आणि ब्रेझनोज. दुपार मोकळी असेल तर पोर्ट मेडो या मोकळ्या कुरणातून नदीकाठाने वुल्व्हरकोटच्या ट्राउट पबपर्यंत जा. ते अंतर चारेक किलोमीटर आहे, येताना बस घ्या.

अडचण मेचीच आहे. एप्रिल अखेर ते जून ही तिथली ट्रिनिटी टर्म, म्हणजे परीक्षांचे दिवस. बरीच कॉलेजं तेव्हा पाहुण्यांना फक्त दुपारी काही तास सोडतात किंवा मुळीच नाही, आणि वेळ ऐनवेळी बदलते. आदल्या दिवशी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर वेळ आणि तिकीट बघा, तरीही दारावरची पाटी हाच शेवटचा शब्द समजा. अंगणातल्या हिरवळीवर पाय ठेवू नका. पोर्टर लगेच हटकेल. मालिकेत पात्रं एका कॉलेजच्या दारातून शिरून दुसऱ्याच अंगणात निघतात, बरंचसं चित्रीकरण तर ऑक्सफर्डबाहेरचं आहे. म्हणून सगळ्या जागा सलग सापडतील अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: मोर्सची लाल गाडी कोणती?

जॅग्वार मार्क २, २.४ लिटर इंजिन, १९६०ची, वर काळं व्हिनाइलचं छत, क्रमांक २४८ आरपीए. पहिल्या कादंबऱ्यांत त्याची गाडी लान्सिया होती. मालिका गाजल्यावर डेक्स्टरनी पुस्तकंच बदलली आणि पुढच्या आवृत्त्यांत जॅग्वार आली. लुइसचं उलट झालं: पुस्तकातला लुइस वेल्सचा आणि वयाने मोठा, पडद्यावर केव्हिन व्हेटलीने केलेला तरुण आणि न्यूकासलकडच्या बोलीचा. त्याचे संवाद सुरुवातीला समजत नसतील तर इंग्रजी सबटायटल लावा. दोन भागांत कान सरावतो.

प्रश्न: ब्रिटनहून मागवलेली डीव्हीडी आमच्या प्लेअरवर लागत नाही. मित्राकडे लागली, तर सगळे चेहरे रुंद दिसतात.

दोन वेगळी कारणं आहेत. ब्रिटनची डीव्हीडी रीजन २ची असते आणि भारतातले प्लेअर रीजन ५चे. मल्टी-रीजन प्लेअर लागेल. काही प्लेअर रिमोटच्या मेन्यूतून खुले करता येतात, ते विकत घेतानाच दुकानदाराला करून दाखवायला सांगा. संगणकाच्या ड्राइव्हवर रीजन सारखा बदलू नका, पाच वेळांनंतर तो कायमचा अडकतो. रुंद चेहऱ्यांचं कारण टीव्हीत आहे. सुरुवातीच्या वर्षांतले भाग ४:३ या जुन्या चौकटीत आहेत आणि टीव्ही ते १६:९ मध्ये ताणतो. पिक्चर सेटिंगमध्ये ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. ‘झूम’ मात्र वापरू नका. त्याने वरचं-खालचं चित्र कापलं जातं, आणि या मालिकेत चिठ्ठी, पत्ता किंवा कोड्याचा कागद बरेचदा चौकटीच्या खालच्या कडेलाच धरलेला असतो.